देवाच्या आकाशाखाली पहिली रात्र: नवख्यांसाठी पायरीपायरीने

"आकाश बघितलं की देव आठवतो" असं आपण सगळेच म्हणतो. पण शहरात वाढलेल्या माणसाने खरं काळं आकाश बहुधा कधी बघितलेलंच नसतं. गच्चीवर गेलं तर वीस-पंचवीस तारे, तेही धुरकट. मग एखाद्या सुट्टीत गावाबाहेर जायचं ठरतं, नेमकी पौर्णिमा निघते, डास चावतात, मुलं कंटाळतात आणि सगळे फोनवर फोटो काढून परत येतात. असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना फक्त तारे ओळखायचे आहेत त्यांना हे उपयोगी पडेलच, पण मी लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना त्या आकाशाखाली पडून देवाला नमस्कार करायचा आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

आकाशासमोर आपण आपोआप लहान होतो असं नाही. नुसत्या चमचमत्या ठिपक्यांसमोर "वा, छान" एवढंच होतं. ठिपक्यांची नावं कळली, अंतरं कळली आणि ते डोळ्यांदेखत सरकताना दिसले, की मग आत काहीतरी हलतं. म्हणून थोडी तयारी करून जा.

१. आधी तिथी बघा, मग सुट्टी

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. चंद्राचा उजेड असला की मंद तारे आणि आकाशगंगा दिसत नाहीत, त्यामुळे वद्य अष्टमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस निवडा. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे रात्रीचा पहिला भाग तुमचा. शुद्ध तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते. तुम्ही संकष्टी करत असाल तर चंद्रोदयाचा अंदाज तुम्हाला आहेच. त्या दिवसापासून चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो, एवढं धरून चाला.

अमावास्येला प्रवास नको असं काही घरांत असतं. वाद घालू नका, वद्य एकादशीला जा. चंद्र पहाटे उगवतो, उपवास असला तर पोट हलकं असतं, आणि एकादशीची रात्र जागवायची आपल्याकडे रीतच आहे.

महिन्यांबद्दल: ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. मार्च ते मेमध्येही आकाश बरं असतं, हवेत धूळ जास्त असते एवढंच. जून ते सप्टेंबर ढगांचे, तेव्हा बेत आखूच नका. तीन सापळे लक्षात ठेवा. दिवाळीची अमावास्या अंधारी असली तरी फटाक्यांचा धूर आणि रोषणाई आकाश खाऊन टाकते. कोजागरी दूध प्यायला आणि चंद्र बघायला उत्तम, पण तारे बघायला सर्वांत वाईट. आणि तिसरा सापळा बऱ्याच जणांना चकवतो: "मृग लागला" म्हणून जूनमध्ये मृग नक्षत्र शोधायला जाऊ नका. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागतो याचा अर्थ तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. म्हणजे ते तारे दिवसा, सूर्याच्या पाठीमागे असतात. सहा महिन्यांनी, मार्गशीर्षाच्या सुमारास, तेच मृग रात्रभर डोक्यावरून जातं. मार्गशीर्षाला ते नाव मिळालं तेही पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ येतो म्हणूनच.

२. जागा

सर्वांत चांगली जागा म्हणजे तुमचं किंवा नातेवाइकांचं गाव. घराची गच्ची, खळं, देवळाचा मोकळा पार. जिथे तुम्हाला ओळखतात, शौचालयाची सोय आहे आणि गावाचा मोठा हायमास्ट दिवा आड येत नाही, तिथे पहिली रात्र काढा. जवळच्या शहराचा उजेड क्षितिजावर पिवळसर दिसतो. त्या दिशेला पाठ करता येईल अशी जागा शोधा. हिवाळ्यात महत्त्वाचं बहुतेक सगळं पूर्वेला आणि दक्षिणेला असतं, त्यामुळे शहर उत्तरेला किंवा पश्चिमेला पडलं तर उत्तम.

गाव नसेल तर एखाद्या संस्थेबरोबर जा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं वांगणी हे मुंबईकरांचं आकाशदर्शनाचं जुनं ठिकाण. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं काळं आकाश, म्हणून मान्यता मिळाली. संस्थेबरोबर गेलात की दुर्बीण बघायला मिळते, सोबत मिळते, आणि बाईमाणसांना, म्हाताऱ्यांना घेऊन जाणं सोपं होतं. मात्र तिथे बोलणं खूप चालतं. नामस्मरणासाठी वेगळी रात्र ठेवा.

किल्ल्यावर मुक्काम करायचा मोह होतो. अनेक किल्ल्यांवर आणि जंगलात रात्री थांबायला बंदी आहे, म्हणून वनखात्याला आणि खालच्या गावात विचारल्याशिवाय जाऊ नका.

शेतात झोपणार असाल तर पुढचं नीट वाचा:

- मालकाची परवानगी घ्या. गावात एकाला तरी सांगून ठेवा, पोलीस पाटलाला सांगितलं तर आणखी बरं.
- रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाला वीज सोडलेली असते. अनोळखी बांध अंधारात ओलांडू नका.
- कठडा नसलेल्या विहिरी असतात. जागा दिवसा उजेडी जाऊन बघून या.
- जुन्नर, आंबेगाव, संगमनेर अशा बिबट्याच्या भागात उसाच्या फडाशेजारी अजिबात पडू नका. लहान मुलांना घेऊन तर नाहीच. तिथे गच्चीच बरी.
- बूट घालण्याआधी झटका. विंचू-काट्याची भीती खरी आहे.

३. सोबत काय घ्यायचं

सतरंजी किंवा ताडपत्री, तिच्यावर गोधडी. अंगावर घ्यायला दुसरी गोधडी. कानटोपी, स्वेटर, मोजे: जानेवारीत पहाटे दव पडतं आणि थंडीने माणूस देवाचं नाव विसरून घराचं नाव घेऊ लागतो. डासांचं मलम, पाणी, थर्मासमध्ये चहा, शेंगदाणे-गूळ. ओळखपत्र आणि औषधं. बॅटरी, आणि तिच्या तोंडाला रबराने बांधलेला लाल जिलेटिन कागद, दोन घड्या करून. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही.

महागडी दुर्बीण आत्ता विकत घेऊ नका. सणावाराला ऑनलाइन मिळणारी, "पाचशे पट मोठं दिसेल" असं खोक्यावर लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण तर कधीच घेऊ नका. तिच्यातून सगळं थरथरतं आणि मुलांचा उत्साह तिथेच मरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ७×५० किंवा १०×५० अशा आकड्यांची दोन डोळ्यांची द्विनेत्री घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. द्विनेत्रीतून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांना हे दोनदा सांगा.

फोनमध्ये स्टेलेरियमसारखं तारे दाखवणारं ॲप ठेवा, पण ते घरी अभ्यासासाठी. माळरानावर फोन उघडला की पांढरा उजेड डोळ्यांत जातो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून आंधळे.

४. डोळ्यांना अर्धा तास द्या

सूर्य मावळल्यावर पूर्ण अंधार व्हायला आपल्याकडे साधारण सव्वा तास लागतो. त्यानंतर उजेड न बघता वीस ते तीस मिनिटं थांबावं लागतं, तेव्हा डोळे अंधाराला सरावतात. एक गाडी हेडलाइट लावून गेली की बरीचशी मेहनत वाया. म्हणून सगळ्यांचे फोन एका पिशवीत घाला आणि पिशवी एका माणसाकडे द्या. हा नियम कडक ठेवा.

या अर्ध्या तासात काय करायचं? पाठीवर पडायचं. दक्षिणेकडे पाय करणं किंवा उत्तरेला डोकं ठेवणं घरच्यांना चालत नसेल, तर पाय पूर्वेला करा. जानेवारीत संध्याकाळी मृग पूर्व-आग्नेयेकडूनच वर चढत असतं, त्यामुळे हे सोयीचंही पडतं.

एखादी मंद गोष्ट दिसेनाशी झाली तर तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त चांगला दिसतो.

५. नावाने ओळख करून घ्या

ओळख कशी करायची त्याचा क्रम मी जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊ वाजता धरून देते.

*उत्तर आणि ध्रुव.* हात सरळ लांब करून मूठ वळा. ती मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते. ध्रुव तारा क्षितिजापासून तुमच्या गावाच्या अक्षांशाइतका वर असतो: पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस अंश. म्हणजे उत्तरेला सुमारे दोन मुठी वर. इथे पुष्कळ लोक फसतात. ध्रुव सर्वांत तेजस्वी असणार असं समजून भलत्याच ताऱ्याला हात जोडतात. ध्रुव मध्यम तेजाचा आहे. त्याचं वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे, सगळं आकाश फिरतं आणि तो जवळजवळ तिथेच राहतो. वायव्येला शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच तारे वेड्यावाकड्या रेषेत दिसतील. सप्तर्षी ईशान्येला रात्री उशिरा वर येतात. ते आले की पुढच्या दोन ताऱ्यांमधलं, पुलह ते क्रतू हे अंतर त्याच दिशेने पाचपट वाढवा, ध्रुवापाशी पोचाल.

*मृग.* आग्नेयेला उंच बघा. एका ओळीत सारख्या अंतरावर तीन तारे. तो हरणाच्या पोटात घुसलेला बाण. भोवती चौकोनात चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. त्यांतला तांबूस काक्षी, त्याच्या तिरक्या समोरचा निळसर पांढरा राजन्य. बाणाची ओळ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. हीच ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, जवळजवळ डोक्यावर. तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती मोजता येतात ते प्रत्येकाने मनातल्या मनात मोजावं, सहा नेहमी दिसतात.

*अगस्ती.* व्याधाच्या खाली उजवीकडे, क्षितिजापासून एक-दीड मूठ वर. मध्यरात्रीपूर्वी तो बरोबर दक्षिणेला येतो, फेब्रुवारीच्या मध्यावर नऊच्या सुमारासच.

*अरुंधती.* सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. लग्नात गुरुजी दिशा दाखवतात आणि आपण हात जोडतो. पण कितीतरी जोडप्यांनी तिला प्रत्यक्ष बघितलेलं नसतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या आईवडिलांना घेऊन जा आणि दाखवा. याच्याइतकी चांगली भेट मला तरी सुचत नाही.

लुकलुकत नाही आणि स्थिर तेजाने चमकतं ते बहुधा ग्रह असतात: गुरू, शुक्र, शनी, मंगळ. आणि एका रांगेत जाणारे दिव्यांचे ठिपके दिसले तर तो चमत्कार समजून कुणाला फोन करू नका, ते कृत्रिम उपग्रह आहेत. देवाचं आकाश चमत्काराशिवायच पुरेसं आहे.

फलज्योतिष आणि पत्रिका या रात्रीपुरत्या बाजूला ठेवा. कुणाचं नक्षत्र कुठलं यावर बोलणं गेलं की डोळे खाली येतात.

६. आता अंतरं, एकेक करून

आकडे एकदम वाचून दाखवू नका. एका ताऱ्याकडे बोट करायचं, त्याचा प्रकाश कधी निघाला ते सांगायचं, आणि थांबायचं. मी हा क्रम वापरते:

चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात पोचतो, सूर्याचा सुमारे आठ मिनिटं वीस सेकंदांत. व्याधाचा साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला आहे: सोबत तिसरी-चौथीतलं मूल असेल तर त्याला सांगा, तू जन्मलास त्या सुमाराचा उजेड आत्ता तुझ्या डोळ्यांत येतोय. रोहिणीचा सुमारे ६५ वर्षांपूर्वीचा, म्हणजे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं त्या आसपासचा. अरुंधती-वसिष्ठांचा सुमारे ८० वर्षांचा, आजीच्या लहानपणीचा. कृत्तिकांचा सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा शिवराय जन्मायचे होते. राजन्यचा निघाला तेव्हा ज्ञानेश्वर माउली जन्मायचे होते, त्यांचा जन्म १२७५ चा आणि हा प्रकाश साडेआठशेहून अधिक वर्षं चालत आलेला.

मग मृगाच्या बाणाच्या जरा खाली, तीन मंद ठिपक्यांच्या मधल्या ठिपक्यावर द्विनेत्री धरा. धुरकट डाग दिसेल. तो वायू आणि धुळीचा मेघ आहे, त्यात आजही नवे तारे जन्मताहेत. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून प्रकाश यायला तेवढी वर्षं लागतात. आपल्याकडे सृष्टीची निर्मिती कधीतरी होऊन गेली असं सहज बोललं जातं. इथे ती चालू असलेली दिसते. मला या डागापाशी जितकं थांबावंसं वाटतं तितकं आणखी कुठे वाटत नाही, आणि तुम्हीही इथे घाई करू नका असं आग्रहाने सांगते. द्विनेत्री आळीपाळीने द्या. ज्याची पाळी नाही त्याने गप्प राहायचं.

शेवटी वायव्येला, शर्मिष्ठेच्या बाजूला, देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची दुसरी वस्ती. अंधार चांगला असेल तर नुसत्या डोळ्यांनीही लांबट, पुसट ढगासारखी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता, प्रार्थना नव्हती, देवाला कुणी नाव दिलेलं नव्हतं. तो मात्र होता.

आणि हे सांगायला विसरू नका: काळ्याकुट्ट आकाशातही एका वेळी नुसत्या डोळ्यांना दोन-तीन हजारच तारे दिसतात. आपल्याला ते अगणित वाटतात. एकट्या आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत.

७. अर्धा तास गप्प

आता बोलणं बंद. एक तारा निवडा, जो झाडाच्या फांदीजवळ किंवा कौलांच्या कडेजवळ असेल. डोकं न हलवता बघत राहा. हात लांब करून धरलेली दोन बोटं जेवढी रुंद दिसतात तेवढा तो पंधरा मिनिटांत सरकतो. सरकतो आहे तो तारा नाही, तुमच्या पाठीखालची जमीन तुम्हाला घेऊन पूर्वेकडे फिरते आहे, आपल्या अक्षांशावर ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने. त्यासाठी आपण काहीही केलेलं नाही. कालचं भांडण, पगार, मुलांचे मार्क, कशाचाही त्या फिरण्याशी संबंध नाही.

नामस्मरण करत असाल तर ते चालू ठेवा. तुमचा देव कुठल्याही नावाचा असो. मागणं मात्र या अर्ध्या तासात नको, मागण्यासाठी रोजचं देवघर आहे. इथे फक्त हजर राहायचं.

काही वाटलं नाही तर? पहिल्या रात्री बऱ्याच जणांना थंडी वाजते, पाठ दुखते आणि झोप येते. यात भक्ती कमी पडली असं काही नाही. डोळ्यांत पाणी येईल असं ठरवून गेलात तर लक्ष आकाशाकडे न राहता स्वतःकडेच राहतं. आलं तर येऊ द्या, नाही आलं तर पुढच्या वद्य पक्षात पुन्हा जा.

८. भीती वाटली तर

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून वेगळं लिहिते. काही माणसांना त्या आकाशाखाली शांत वाटत नाही, पोकळ वाटतं. "एवढ्या पसाऱ्यात माझं कोण? मी असलो काय, नसलो काय?" नुकतंच घरातलं माणूस गेलेल्यांना हे जास्त होतं. अशा वेळी उठून बसा, सोबत्याचा हात धरा, चहा घ्या. यात कमीपणा नाही. कुरुक्षेत्रावर विश्वरूप बघून अर्जुनही थरथरला होता आणि त्याने हात जोडून देवाला नेहमीचं सौम्य रूप दाखवायला सांगितलं. देवानेही ते दाखवलं.

मला स्वतःला इथे पंढरपूर उपयोगी पडतं. ज्याचा हा सगळा पसारा आहे तो तिथे कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, आणि कुणीही रांगेत उभं राहून त्याच्या पायांवर डोकं टेकवू शकतं. आकाशाने लहान केलेल्या माणसाला त्या पायांशी जागा आहे. लहान होणं म्हणजे बिनमोल होणं असं मी तरी मानत नाही. मंदिरात वाकताना आपण लहान होतोच की, आणि तिथून हलके होऊन येतो. जिला भीती वाटली होती अशी एक मैत्रीण पुढच्या वेळी आकाश बघून थेट गावातल्या देवळात जाऊन बसली. तिला त्याच क्रमाने बरं वाटलं. तुमचा क्रम तुम्ही शोधा.

मुलांशी बोलताना "तू धुळीचा कण आहेस" अशी वाक्यं टाळा. त्यांना नावं शिकवा, मोजायला सांगा, प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर "येत नाही" म्हणा.

९. पहाट, आणि पुढची खेप

रात्री जागणं जमत नसेल तर कार्तिकातला काकडा साधा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहाटे पाचला देवळाकडे निघालात की दक्षिणेला व्याध, त्याच्या उजवीकडे वरच्या बाजूला मृग, खाली अगस्ती असा सगळा दरबार भरलेला असतो. थंडी कमी, सोबत भरपूर, आणि वेगळी सुट्टी काढावी लागत नाही. ज्यांच्या गावात काकडा होतो त्यांनी पाच मिनिटं आधी निघून दिव्यांपासून दूर उभं राहावं, एवढंच.

पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी वहीत लिहा: तिथी, जागा, काय ओळखता आलं, काय नाही. पुढच्या खेपेला न ओळखलेल्यापासून सुरुवात करा. चैत्र-वैशाखात गेलात तर सप्तर्षी उंच असतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती, आणखी पुढे चित्रा. मार्च-एप्रिलच्या पहाटे आग्नेय-दक्षिणेला ज्येष्ठेचा तांबडा तारा आणि मूळ नक्षत्राच्या बाजूला आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा दिसतो. तिकडेच आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. त्या खेपेला अंथरूण दक्षिणेकडे मोकळं आकाश दिसेल असं घाला आणि गजर पहाटे साडेतीनचा लावा.